उसने बोट

काच पुन्हा तांबडी झाली.

“स्पर्श ओळखता आला नाही. कृपया बोट स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करावा,” असे त्या यंत्राने अत्यंत आर्जवी स्त्रीस्वरात सांगितले, आणि त्या आर्जवानेच शालन वाईंगडे हिच्या मस्तकातील शीर तडकली.

बोट स्वच्छ करून! या बोटांइतकी स्वच्छ बोटे अखिल हुपरी गावात आणखी कुणाची असतील? दिवसभर ती बोटे रिठ्याच्या पाण्यात, पातळ तेजाबात आणि पॉलिशच्या भुकटीत न्हात असत. चांदीचे पैंजण करणाऱ्या या गावात घुंगराला कडी जोडून डाख देण्याचे, म्हणजे सांधा झाळण्याचे, काम जितके नाजूक, तितकेच निर्दय. चिमट्याने कडी वाकते, परंतु ती नीट बसली की नाही हे केवळ बोटाच्या अग्राला कळते. शालन ही विद्या लग्न होऊन आल्यावर शिकली आणि पुढे तिच्याइतका सफाईदार हात वाईंगड्यांच्या कारखान्यात दुसरा उरला नाही. त्या सफाईचे मोल तिच्या बोटांनी दिले. बोटांवरच्या रेषा झिजत झिजत अशा नाहीशा झाल्या की, तिच्या दहाही बोटांची टोके काचेच्या गोटीसारखी गुळगुळीत झाली होती.

तिने बोट गरम पाण्यात बुडवले. खोबरेल लावले, पुसले. जिभेने ओले करून पाहिले. फोनच्या काचेवरील पारदर्शक पापुद्रा नखाने सोलून काढला. फोन बंद करून चालू केला. मग पदराच्या टोकाने काच अशी काही घासली की जणू तीही पॉलिशलाच आली होती.

काच तांबडी ती तांबडीच.

“अगं भवाने, मीच हाय की!” शालन ओरडली. कारखान्यातील कारागीर माना खाली घालून हसले. तिचा संताप गावाला परिचित होता, मात्र या वेळच्या संतापाचे कारण कुणालाच ठाऊक नव्हते.

कारण असे होते की, शालनला पुन्हा लग्न करायचे होते.

तिचा पती जिनगोंडा निवर्तल्याला बराच काळ लोटला होता. शेजारच्या रेंदाळ गावी भूपाल मगदूम नावाचा एक विधुर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करीत असे. कारखान्याची मोटार जळाली तेव्हा तो आला, आणि मोटार सुधारल्यावरही काही ना काही निमित्ताने येत राहिला. शेवटी त्याने विवाहाची सूचना निबंधक कार्यालयाकडे आपल्या फोनवरून धाडली. आता शालनने महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या फोनवर आपल्या बोटाने संमती द्यायची, एवढेच उरले होते. ती न दिल्यास सूचना बाद होणार होती.

तो काळ आपल्यापासून फार दूरचा नाही. त्या काळापर्यंत कृत्रिम बुद्धीने कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज हुबेहूब घडविणे इतके सोपे होऊन बसले होते की, न्यायालयांनी चेहरा, आवाज, स्वाक्षरी व साक्षीदार हे चारही पुरावे रद्दबातल ठरविले. उरला तो स्पर्श. प्रत्येक माणसाचा एक फोन नोंदलेला असे. त्या फोनवर ज्याचे बोट चाले, तोच तो माणूस, आणि त्या बोटाने दिलेला होकार तोच त्याचा होकार, असा कायदा झाला. दवाखाना, धान्य, परवाना, मतदान, विवाह, सारे काही त्या नखाएवढ्या जागेतून जाऊ लागले.

आणि ती नखाएवढी जागा शालनला आत घेत नव्हती.

*

बसस्थानकासमोर इम्तियाज मुजावर याचे फोन-दुरुस्तीचे दुकान होते. इम्तियाज मोठा बोलघेवडा. फोन उघडताना तो रोग्याशी बोलावे तसा फोनशी बोलत असे.

“काय रे बाबा, काकींना का छळतोस?” असे म्हणत त्याने काचेखालील संवेदक साफ केला, त्याची बैठक पुन्हा जुळविली, आणि स्वतःचे बोट लावून पाहिले. यंत्राने त्याला सभ्यपणे नाकारले. “बघा काकी, मलाबी नाकारलं, पण ठसा लख्ख उमटला. म्हंजे संवेदक ठणठणीत आहे.”

“ठणठणीत? मग मला का ओळखंना?”

“ते बघतो.” त्याने फोन आपल्या यंत्राला जोडला, पडद्यावरच्या आकृत्या न्याहाळल्या, आणि त्याची बडबड हळूहळू थांबली. “काकी, यात दुसरं बोट कुणाचं नोंदवलंय?”

“भावजींचं. देवगोंडाभावजींचं. आमच्या गल्लीत समद्याच बायकांनी कुणा ना कुणाचं बोट घातलंय की. यंत्र म्हणतं दुसरं बोट द्या. आमची दहाबी बोटं सारखीच. मग ज्याचं चांगलं हाय त्याचं दिलं.”

हुपरीत या गोष्टीला ‘बोट देणे’ म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. तेजाबात हात न घालणारा, हात सुरक्षित राहिलेला एखादा पुरुष प्रत्येक घरात असे. शालनचा धाकटा दीर देवगोंडा हा माल घेऊन परप्रांती हिंडणारा. त्याची बोटे कोवळी होती. शेजारणीला विरजण द्यावे तितक्या सहजपणे तो भावजयीला बोट देई.

“फोन बिघडलेला नाही,” इम्तियाज म्हणाला. “फोन अगदी बरोबर चाललाय. फक्त त्याला जी शालन ठाऊक आहे, ती तुम्ही नाही.”

त्याने समजावून सांगितले ते असे. हा संवेदक बोटाचे छायाचित्र घेत नाही. तो मनुष्याच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी बोटात सोडतो, आणि कातडीच्या उंचवट्यांवरून व खळग्यांतून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून ठशाचा नकाशा रेखतो. परंतु माणसाचे बोट नित्य बदलते. ते भाजते, चिरते, झिजते. राबणाऱ्या माणसाची अडचण होऊ नये म्हणून संशोधकांनी मोठ्या सद्बुद्धीने या यंत्राला शिकण्याचा गुण दिला. प्रत्येक यशस्वी स्पर्शागणिक ते मनातला जुना नकाशा नव्या स्पर्शाच्या दिशेने केसभर सरकविते, आणि सरकविलेला नकाशा दर रात्री ठशांच्या सरकारी मुद्राकोशात जमा करते. बोट झिजत गेले तर यंत्रही त्याच्याबरोबर चालत जावे, ही त्यातली करुणा.

मात्र एकाच मनुष्याच्या नावावर दोन मनुष्यांची बोटे येतील, हे त्या करुणावंतांच्या ध्यानी आले नव्हते. शालनचा स्पर्श फसे, देवगोंडाचा यशस्वी होई. यंत्र प्रत्येक यशापासून शिके. अशी वर्षे गेली. केसभर केसभर सरकत शालनचा नकाशा शालनला सोडून गेला आणि देवगोंडाच्या बोटावर जाऊन स्थिरावला.

“मग माझं बोट नव्यानं घाल.”

“नवं बोट घालायला आधी जुन्या बोटानं उघडावं लागतं.”

शालनने फोन उचलला. तिच्या डोळ्यांत क्रोध होता, तथापि अजून भीती नव्हती. “त्यात काय एवढं? भावजी उघडून देतील,” ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.

*

देवगोंडा नुकताच प्रवासाहून परतून घराच्या पुढल्या सोप्यात चहा घेत बसला होता. त्याची पत्नी कांचन त्याच्यासमोर चिवड्याची ताटली ठेवीत होती.

“भावजी, जरा बोट द्या.”

“आणा की वैनी.” त्याने सवयीने हात पुढे केला. काच हिरवी झाली. आणि त्या हिरव्या काचेवर, सर्वांत वर, विवाहसूचना उभी राहिली. देवगोंडाने ती वाचली. मग पुन्हा वाचली.

“ह्ये काय हाय?”

“लगीन हाय. माझं. तिथं ‘संमत’ म्हणून हाय, ते दाबू नका, मी दाबते. तुम्ही निस्तं माझं बोट नव्यानं नोंदवायचं पान उघडा.”

“मोटारवाल्या मगदुमाशी?” कांचन मध्येच म्हणाली. “तरीच म्हटलं, आपली मोटार एवढी का बिघडती!”

“तुला कुणी इचारलंय?” शालन कडाडली.

“वैनी, बसा,” देवगोंडा शांतपणे म्हणाला. त्याचा शांतपणा शालनला कधीच आवडला नव्हता. व्यापारात गिऱ्हाईक चिडले की तो असाच शांत होई. “दादाच्या मागं आम्ही तुमास्नी काय कमी केलं? ह्या वयात लोक काय म्हणतील? आणि कारखान्याचं काय? तुमच्या हाताची घुंगरं बघून पार आग्र्याचे व्यापारी माल घेतात. ती घुंगरं काय रेंदाळला जाऊन जोडणार?”

“घुंगरं मी कुटंबी जोडीन. फोन द्या.”

“तुमच्या भल्याचंच करतोय,” असे म्हणून देवगोंडाने अंगठ्याशेजारचे आपले कोवळे, गुबगुबीत बोट ‘असंमत’ या शब्दावर टेकविले.

“श्रीमती शालन जिनगोंडा वाईंगडे, आपला नकार नोंदविण्यात आला आहे. आभारी आहोत,” यंत्र गोड स्वरात उद्गारले.

शालनला वाटले, आपल्या तोंडावर कुणी तरी हात दाबला आहे आणि आपल्याच आवाजात दुसरेच कुणी बोलत आहे. तिने चिवड्याची ताटली उचलली आणि भिंतीवर अशी आपटली की शेंगदाणे थेट अंगणात गेले.

“माझ्या तोंडानं न्हाई म्हणायचा अधिकार तुमास्नी कुणी दिला?”

“तुम्हीच दिलाय की,” देवगोंडा म्हणाला. तो हसला नाही. खरोखरच त्याला तसे वाटत होते.

*

निबंधक कार्यालयातील शिरगुप्पेसाहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांनी शालनला खुर्ची दिली, भूपालला दिली, आणि बोलावणे धाडल्यामुळे आलेल्या देवगोंडालाही दिली. मग कार्यालयाच्या मोठ्या यंत्रावर आधी शालनचे बोट टेकविले, नंतर देवगोंडाचे.

“शालन वाईंगडे यांच्या मुद्रेशी आपला मेळ शंभरात अकरा आहे, बाई,” ते चष्मा सावरीत म्हणाले. “आणि यांचा शंभरात सत्त्याण्णव.”

“म्हंजे?”

“म्हणजे नियमानुसार शालन वाईंगडे हे आहेत.”

भूपालच्या तोंडून हसू फुटले. शालनने त्याच्याकडे असे पाहिले की ते हसू जिथल्या तिथे मेले.

“साहेब, डोळं हायती न्हवं तुमास्नी? ह्याला मिशा हायती!”

“दिसणे हा पुरावा नाही, बाई. दिसण्यावर विश्वास ठेवल्यामुळे पूर्वी काय अनर्थ झाले ते आपण ऐकले असेलच. मी आपणांस पाहतो आहे, मला सारे कळते आहे. परंतु मला कळले म्हणून कार्यालयाला कळत नाही. दुरुस्ती हवी असल्यास शालन वाईंगडे यांचा अर्ज लागेल, आणि त्या अर्जावर त्यांचा स्पर्श.”

“म्हंजे भावजींचा.”

“तूर्त तसेच म्हणावे लागेल.”

भूपाल हळूच तिच्या कानाशी लागला. “शालनबाई, शांत व्हा. वर्षभर थांबूया. नकाराला वर्ष झालं की परत सूचना धाडता येती म्हणत्यात. तवर ह्यांचंबी मन वळंल...”

“तुम्ही गप बसा!” शालन उभी राहिली. तिच्या क्रोधाला आता ओरडण्याची गरज उरली नव्हती. देवगोंडाकडे बोट दाखवून ती हलक्या, स्पष्ट आवाजात बोलू लागली, आणि शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले.

“साहेब, कागदावर ही शालन, बरं का? म्हंजे जिनगोंडाची विधवा ही. वाईंगड्यांची थोरली सून ही. सकाळी उठून बर्नर पेटवायचा तो हिनं, तेजाबात हात घालायचे ते हिनं, आग्र्याच्या मालाची घुंगरं जोडायची ती हिनं. शालनची समदी कामं हिची. मी कोण? मी कुणीच न्हाई. आणि जी कुणाचीच न्हाई, तिनं कुणाला इचारून कुटं ऱ्हायाचं असा काय कायदा हाय का तुमच्याकडं?”

शिरगुप्पेसाहेबांनी बराच विचार केला. “तसा कायदा नाही,” ते म्हणाले.

शालनने आपला फोन देवगोंडाच्या मांडीवर ठेवला. “घ्या. तुमचाच हाय.” आणि भूपालकडे वळून ती म्हणाली, “चला. टेंपो चालू करा.”

“आत्ताच? माझ्या घरी? नोंद न्हाई काय न्हाई...”

“भ्या वाटत असंल तर सांगा, मी चालत जाते.”

भूपालला भय वाटत होते, ते त्याच्या कपाळावर दिसत होते. परंतु त्याने टेंपो चालू केला.

*

कुणीच नसणे ही गोष्ट बोलायला सोपी आणि जगायला अतिशय कठीण होती. रेंदाळच्या धान्य दुकानाने शालनला परतविले. ताप आला तेव्हा आरोग्य केंद्राचे दार तिच्या बोटाला उघडले नाही, भूपालने स्वतःच्या नावावर गोळ्या आणल्या. विहिरीवर बायका तिला पाहून बोलणे थांबवीत. एकदा भूपालला विजेचा धक्का बसून तो रुग्णालयात पडला, तर तिला खाटेजवळ जाऊ देईनात, कारण ती त्याची कुणीच नव्हती. ती फाटकाबाहेर उभी राहून ज्या शिव्या देत राहिली त्या ऐकून शेवटी पहारेकरीच शरमला. परंतु त्याच्याही हाती काही नव्हते.

एक गोष्ट मात्र तिने कटाक्षाने पाळली. रेंदाळचे दोन कारखानदार घरी येऊन काम देऊ करीत होते. तिने चांदीला हात लावला नाही.

मानवी देहाचे एक विलक्षण सत्य येथे सांगितले पाहिजे. बोटावरच्या रेषा वरच्या कातडीच्या नसतात. गर्भात असताना कातडीच्या खालच्या थरात वळ्या पडतात, आणि वरची कातडी त्या वळ्यांचे केवळ अनुकरण करते. तेजाब व पॉलिश वरची कातडी झिजवितात. खालच्या वळ्यांपर्यंत ते सहसा पोचत नाहीत. म्हणून हात स्वस्थ राहिले, तर खालून नवी कातडी वर येते ती त्याच जुन्या वळणांनी, रेसभरही फरक न करता येते. ज्या रेषा घेऊन मूल जन्मास येते, त्याच रेषा त्याला परत मिळतात.

शालनला यातले काही शास्त्र ठाऊक नव्हते. एके दिवशी भाकरी थापताना तिला बोटांना पीठ चिकटल्यासारखे वाटले, म्हणून तिने हात उजेडात धरला. बोटाच्या टोकावर बारीक, गोलगोल, भोवऱ्यासारख्या रेषा उमटल्या होत्या. त्या लग्नाआधीच्या होत्या. तिने त्या ओळखल्या नाहीत, कारण त्या वयात आपल्या बोटाकडे कोण पाहते? परंतु भाकरी तव्यावर करपेपर्यंत ती पाहत राहिली, आणि तिला आनंद व्हावा त्याऐवजी भयंकर राग आला. एवढी वर्षे या रेषा आतच होत्या, आणि तिच्या घरात कुणालाही तिला ‘हात जरा थांबव’ असे म्हणावेसे वाटले नव्हते.

*

देवगोंडा आला तो भर दुपारी. त्याची दाढी वाढलेली होती. भूपालने त्याला पाणी दिले.

“बोला,” शालन उंबऱ्यातच उभी होती.

“वैनी, मोठा घोटाळा झालाय.” त्याने पाणी एका घोटात संपविले. “मुद्राकोशाचा यंदा पहिल्यांदाच ताळमेळ झाला. यंत्रानं समद्या देशाची बोटं एकमेकांशी ताडून बघितली. त्यात माझं बोट दोन नावांवर निघालं. तुमच्या आणि माझ्या. यंत्र म्हणतंय, एका बोटाची दोन माणसं असूच शकत न्हाईत.”

“मग?”

“मग त्यानं दोन्ही नावं एक केली,” देवगोंडा म्हणाला. “आणि तुमची नोंद जुनी म्हणून तीच धरली. आता मी... आता कागदोपत्री मी दादाची विधवा हाय.”

भूपाल घाईघाईने मोटारीचा पंखा तपासायला वळला. त्याचे खांदे हलत होते.

“रेल्वेत चढता येईना,” देवगोंडा सांगत होता. “परवाना चालंना. दवाखान्यात गेलो, तर त्यांनी मला बायकांच्या तपासणीच्या रांगेत उभं केलं. कांचन म्हणती, ‘कागदावर तुमच्याशी माझं लगीनच झालेलं दिसंना.’ वैनी, जुनी मुद्रा जपून ठेवलेली असती, लग्नाच्या टायमाची. ती वादाचा अर्ज आला तरच उघडत्यात, त्यो मी केलाय. पण दोघांनीबी समोर यायला पायजे. तुम्ही आला तर मी सुटतो.”

“आणि काय पायजे?”

देवगोंडाने रिकामे भांडे उंबऱ्याशी ठेवले.

“अजून काहीतरी पायजे असणार. निस्तं येऊन भागत असतं तर तुम्ही बाहेरनंच निरोप धाडला असता.”

“एका नावावर दोन बोटं कशी आली, त्ये ज्यानं लावली त्यानं सांगायला लागतं. समोर. तोंडानं.”

“समदं सांगणार?”

“सांगतो की, बोट दिलं म्हणून...”

“बोट दिलं न्हवं,” शालन म्हणाली. “ज्या दिवशी मी होय म्हणाय आले आणि तुम्ही न्हाई म्हटलं, त्ये सांगायचं. माझं नाव लावून. ते सांगणार असला तर येते. न्हाईतर बसा विधवा होऊन. मी बसले होते, काय मेले न्हाई.”

*

शिरगुप्पेसाहेबांच्या कचेरीत देवगोंडाने सांगितले. त्याला सांगताना घाम फुटत होता आणि तो पुन्हा पुन्हा ‘भल्यासाठी’ या शब्दावर येऊन थांबत होता. प्रत्येक वेळी शालन म्हणे, “पुढं.” अखेर तो म्हणाला, “वैनीनी होय म्हणायचं ठरवलं होतं. मी त्यांच्या नावानं न्हाई म्हटलं. त्यास्नी इचारलं न्हाई.” कारकुनांपैकी कुणी हसले नाही.

जुनी मुद्रा उघडली गेली. शालनने तर्जनी काचेवर टेकविली.

काच हिरवी झाली.

शालन त्या हिरव्या उजेडाकडे पाहत राहिली. शिरगुप्पेसाहेब मनापासून आनंदले होते. “अभिनंदन बाई. आता शेवटचा प्रश्न. मधल्या काळात आपल्या नावाने दिलेल्या सर्व संमती कायम ठेवायच्या की रद्द करायच्या? घाई करू नका. यात आपल्या विधवा-वेतनाच्या आहेत, औषधोपचाराच्या आहेत. पुष्कळशा आपल्या हिताच्याच दिसतात.”

“असतील. मला कुणी इचारलं न्हवतं.”

“वैनी!” देवगोंडा उठून उभा राहिला. “कारखान्याचा तेजाबाचा परवाना तुमच्या नावावर हाय. त्यो रद्द झाला तर उद्या बर्नर पेटायचा न्हाई.”

“मग उद्या माझ्याकडं या. उंबऱ्यात उभं ऱ्हावा आणि इचारा, परवाना देता काय म्हणून. मी होय म्हणीन, न्हाईतर न्हाई म्हणीन. तवाचं तवा.”

“एवढं झालं, मी समद्यांसमोर नाक घासलं. आता तरी राग सोडा.”

“राग तेवढा माझा हाय, भावजी,” शालन म्हणाली. “त्याला तुमचं बोट कधी लागलं न्हाई.”

आणि तिने ‘रद्द’ या शब्दावर तर्जनी दाबून धरली. एकेक करून साऱ्या संमती विझत गेल्या, हिताच्या आणि अहिताच्या, ठाऊक असलेल्या आणि कधीच ठाऊक नसलेल्या. देवगोंडा खाली बसला. त्याने काही काळ आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि मग ते खिशात घातले.

“नकारही रद्द झाला,” साहेब पडद्याकडे पाहून म्हणाले. “त्यामुळे श्री. मगदूम यांची विवाहसूचना नव्या मुदतीसह पुन्हा जिवंत झाली आहे. संमती द्यायची असल्यास...”

“द्या, द्या,” भूपाल खुर्चीच्या टोकाशी सरकला. “दाबा की.”

शालनचे बोट काचेपासून दूर झाले. भूपालचा चेहरा पांढरा पडला.

“तुम्हीबी सूचना यंत्रालाच धाडली,” ती म्हणाली. “घरात ऱ्हाते, भाकरी करते, तुमच्या नावावर गोळ्या खाते. पण तोंडानं कधी इचारलंय? इचारा.”

“हितं? ह्या समद्यांम्होरं?”

“हितंच.”

भूपालने साहेबांकडे पाहिले, कारकुनांकडे पाहिले, देवगोंडाकडे पाहून चटकन नजर वळविली. त्याने डोक्यावरची टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न सुचल्याने पुन्हा घातली.

“शालनबाई,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जळक्या मोटारीसारखा घरघरला, “माझ्याशी लगीन करशीला काय?”

शालनने त्याला अंमळ ताटकळत ठेवले. कचेरीतले पंखे फिरत होते, आणि कुणीही, अगदी यंत्रानेही, मध्ये तोंड घातले नाही.

“व्हय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. आणि मग तेच तिने बोटाने त्या यंत्राला कळविले.